झुल्माच्या गच्चीवरच्या बादल्या

पायसांदू गावात, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत, झुल्मा एचेवेरीचं ताज्या पास्त्याचं दुकान होतं. रविवारी सकाळी दुकानापुढे जी रांग लागायची ती पार कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायची. माणसं हातात 'माते' नावाच्या कडवट चहाचे गरम पेले घेऊन, नळीने चोखत, गप्पा मारत उभी असत. झुल्माची रव्योली, म्हणजे सारण भरून कडा दाबलेला पास्ता, गावात नावाजलेली. पण लोक तिच्याकडे यायचे ते तिच्या हातासाठीही. तराजूत माल तोलून झाला, काटा थांबला, की ती वरून आणखी एक मूठ टाकायची. "पोरं मोठी होतायत ना तुझी," म्हणायची. ज्याला पोरंच नव्हती त्याला म्हणायची, "बारीक झालायस."

असा हा सढळ हात झाडांना मात्र मानवत नसे. झुल्माच्या घरात झाड म्हणून टिकत नव्हतं. तुळशीच्या जातीची एक सुवासिक पाल्याची कुंडी ती दर वसंतात आणायची आणि महिन्याभरात ती काळी पडायची. एकदा कोणीतरी निवडुंग दिला, तोही कुजला. समोरच्या घरातली नीबिया लेकीकडे राजधानीला निघाली तेव्हा आपली नेच्याची टोपली टॅक्सीत घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे पोचवून आली. पण रस्ता ओलांडून झुल्माकडे ठेवली नाही.

"अगं, तसं नाही," नीबिया ओशाळून म्हणाली होती, "तुला कशाला उगाच त्रास!"

बरं, झुल्मा निष्काळजी होती असंही नाही. उलटंच होतं. झाडाचं एखादं पान खाली झुकलेलं दिसलं की तिचा जीव तुटायचा. ती पाणी घालायची. तासाभराने परत बघायची, पान तसंच, की परत पाणी. झाडाशी बोलायची, पाणी घालायची, पुसायची, पाणी घालायची. थांबायचं कुठे हे तिला कधी उमगलं नाही.

तिचा मोठा भाऊ विल्मार लोकरीच्या गिरणीतून निवृत्त झाला होता. बायको गेल्यावर तो बहिणीच्या दुकानावरच्या माडीत राहायला आला, आणि येताना आपली गांजाची झाडं घेऊन आला. त्या देशात घरी गांजा लावायला कायद्याने परवानगी, पोस्टात जाऊन रीतसर नाव नोंदवलेलं. एका घराला सहा झाडं. विल्मार आणि झुल्माला मावश्याही सहाच होत्या, म्हणून त्याने झाडांना मावश्यांची नावं दिली होती. सगळ्यांत घेरदार ती ओतिलिया मावशी, वाकडी वाढलेली ती क्लोतिल्दे, उंच आणि ताठ ती एल्विरा. मोठमोठ्या मातीच्या कुंड्यांत, गच्चीवर उन्हात, मावश्या रांगेत उभ्या असायच्या. हिवाळ्यात संध्याकाळी विल्मारचे दोस्त पत्ते कुटायला जमले की एक विडी हातोहात फिरायची आणि गिरणीतल्या जुन्या गोष्टी निघायच्या.

झुल्मा ओढत नसे. धुराने तिला ठसका लागायचा. पण उन्हाळ्यात कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की त्या हाताच्या पंजासारख्या पानांकडे बघत राहायची. तेवढ्यात खालून आवाज यायचा, "झुल्मे! हातात तांब्या नाही ना?"

"नाही रे बाबा."

"बादली?"

"कपड्यांची आहे!"

विल्मारने जिन्याच्या दाराला कुलूप बसवलं होतं. लोकांना वाटायचं चोरांच्या भीतीने. "चोर परवडला," विल्मार दोस्तांना सांगायचा, "चोर निदान झाड जिवंत तरी नेतो."

नोव्हेंबरात एका शनिवारी विल्मार क्लबात लाकडी गोळे घरंगळवायचा खेळ खेळत होता. डाव जिंकला, आनंदाने त्याने दोन्ही हात वर केले, आणि एका हातात लाकडाचा जड गोळा अजून होता हे विसरला. गोळा सुटला तो थेट त्याच्याच पायावर. हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून दोस्तांनी त्याला घरी आणलं, माडीवर चढवलं आणि पलंगावर टेकवलं. गच्चीचा लोखंडी जिना आता त्याच्यासाठी बंद.

त्या दिवशी विल्मारने गळ्यातली किल्ली काढली, बहिणीच्या हातावर ठेवली आणि तिचा हात सोडलाच नाही.

"झुल्मे, नीट ऐक. मातीत बोट घालायचं. कोरडं लागलं तर पाणी. ओलं लागलं तर नाही. कळलं?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"ओलं लागलं तर?"

"नाही."

"नाही म्हणजे काय?"

"नाही म्हणजे नाही!"

पहिले काही दिवस तिने खरंच बोट घातलं. मग डिसेंबर लागला, त्या मुलखातला भर उन्हाळा, आणि ऊन तापायला लागलं. दुपारी गच्चीवर जावं तर मावश्यांची पानं मलूल लोंबलेली. बोटाला माती ओली लागत होती, पण ओतिलिया मावशी एवढी केविलवाणी दिसत होती की झुल्माला राहवलं नाही. तिने एक तांब्या घातला. एकीला घातला मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?

"कशा आहेत?" विल्मार पलंगावरून विचारायचा.

"मजेत!"

"एल्विरा?"

"ताठ!"

डिसेंबराचा दुसरा आठवडा लागला तेव्हा दोन झाडं धड होती, ती कोपऱ्यात सावलीत असल्यामुळे तिच्या नजरेतून सुटलेली. बाकी चार पिवळी पडली होती. कुंडीत बोट घातलं की डबक्यासारखा वास यायचा. झुल्मा जिन्यावर बसून रडली. मग तोंड धुतलं, दुकानाला जाळी लावली आणि गावाबाहेरच्या दार्दो बेंतांकोरच्या रोपवाटिकेत गेली.

दार्दो उंच, काटकुळा माणूस. हसायचा तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. झुल्माच्या दुकानाच्या रांगेत तो कैक वर्षं उभा राहत होता. पण 'अर्धा किलो' आणि 'आभारी आहे' यापलीकडे दोघांचं बोलणं कधी झालं नव्हतं.

"माझी एक मैत्रीण आहे," झुल्मा म्हणाली. "तिची झाडं मरतायत."

"अरेरे. कसली झाडं?"

"कसली म्हणजे... नोंदवलेली."

"हं. आणि ही मैत्रीण पाणी कधी घालते?"

"आठवलं की घालते."

"आणि आठवतं कधी?"

झुल्माने मान खाली घातली. "तिला सारखंच आठवतं."

दार्दोचे खांदे हलायला लागले. "ही मैत्रीण रव्योली वगैरे करते का हो?"

झुल्मा लाल झाली, आणि मग स्वतःच हसायला लागली. हसता हसता तिने ओतिलियापासून सगळं सांगून टाकलं. दार्दोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. 'तुमच्याच्याने व्हायचं नाही' असं म्हणाला नाही. तो आत गेला आणि एक जुनी बादली घेऊन आला. बादलीच्या बाजूला, बुडापासून दोन बोटं वर, एक भोक होतं. आत मातीचा पत्ता नव्हता. काठोकाठ पांढरेशुभ्र हलके दाणे भरलेले, आणि त्यात टोमॅटोचं झाड उभं, फळांनी लगडलेलं.

"हे काय, चुरमुरे?"

"पर्लाईट. दगडच आहे, भट्टीत फुलवलेला. उचलून बघा."

झुल्माने बादली उचलली. एवढं झाड, पण वजन अगदीच बेताचं.

"आता पाणी घाला," दार्दोने झारी तिच्या हातात दिली.

तिने घाबरत घाबरत घातलं. थोड्या वेळाने भोकातून पाण्याची धार लागली.

"भोकाखाली जेवढं राहील तेवढं झाडाचं. मुळं खाली उतरून लागेल तसं पितात, आणि वरच्या दाण्यांत हवा खेळती राहते. जास्तीचं भोकातून बाहेर."

"आणि आणखी घातलं तर?"

"भोकातून बाहेर."

"सकाळ-संध्याकाळ घातलं तर?"

"बाई, तुम्ही ही अख्खी नदी उचलून याच्या डोक्यावर ओतलीत तरी ती भोकातून बाहेर जाईल."

झुल्मा बादलीकडे बघत उभी राहिली. आयुष्यभर आईने, आता हयात नसलेल्या नवऱ्याने, भावाने तिला 'बस कर' म्हणून सांगितलं होतं, आणि हा माणूस म्हणत होता, घाला. तिने झारी पुन्हा उचलली आणि रिकामी होईपर्यंत ओतत राहिली. धार तिच्या चपलांवरून वाहत होती आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

"एकच पथ्य," दार्दो म्हणाला. "या दाण्यांत खायला काही नाही. अन्न पाण्यातून द्यायचं." त्याने एक बाटली तिच्यापुढे धरली. "झारीला एक झाकण. तिथे मात्र हात आखडता. वरून मूठभर नाही."

जाणाऱ्या चार झाडांचंही त्याने सांगितलं. बुंधा कुजला तरी शेंड्याला जीव असतो. कोवळी फांदी तिरकी कापायची, ओल्या पर्लाईटमध्ये खोचायची, वर कापलेली बाटली पालथी घालायची. हे त्याने एका जिरेनियमच्या फांदीवर करून दाखवलं. पर्लाईटची गोणी घेऊन निघताना झुल्माने विचारलं, "पैसे?" तेव्हा म्हणाला, "रविवारी रांगेत बघू."

बेकरीवाल्याने आटीव गोड दुधाच्या रिकाम्या बादल्या फुकट दिल्या, वर म्हणाला, "एवढं गोड खाऊ नकोस गं!" झुल्माने त्या घासून धुतल्या, गॅसवर खिळा लाल केला आणि दोन बोटं मोजून भोकं पाडली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

"काय जळतंय?" वरून विल्मार.

"कांदा!"

"कांदा असा जळतो?"

"परदेशी आहे!"

नाताळापूर्वी फांद्यांना मुळं फुटली. पांढऱ्या दाण्यांतून पांढरे तंतू बाहेर डोकावताना बघून झुल्मा तिथेच गच्चीवर बसून एकेक तंतू मोजत राहिली. तिच्या हातून काहीतरी जगलं होतं. मेलेली झाडं तिने उपटून टाकली आणि बाळं बादल्यांत बसवली. घरात झाडं पुन्हा सहाच.

मग नाताळ आला. सगळं गाव भरपेट जेवत असताना बाळांनी रोजचंच एक झाकण खावं हे काही तिला बघवलं नाही. तिने आणखी एक झाकण घातलं, आणि सणाचं म्हणून वर आणखी एक. नववर्षाला पानांची टोकं तपकिरी, करपल्यासारखी झाली. ती धापा टाकत रोपवाटिकेत पोचली.

दार्दोने तिचं तोंड बघूनच विचारलं, "नाताळचं जेवण वाढलंत?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दरवर्षी कोणीतरी वाढतंच."

"आता काय करू?"

"नुसतं साधं पाणी ओता. भोकातून वाहू दे. सगळं धुऊन जाईल."

"किती ओतू?"

दार्दोचे खांदे हलले. "मनसोक्त."

त्या दिवशी गच्चीवरून एवढं पाणी वाहिलं की खाली नीबियाने डोक्यावर पिशवी धरून दुकान गाठलं. आठवड्याभरात नवी पानं हिरवीगार आली. झाकणाच्या बाबतीत झुल्माने परत कधी हात सैल सोडला नाही. पिठात मीठ घालतानाही आता तिला झाकण आठवायचं.

जानेवारीच्या मध्याला विल्मारचं प्लास्टर निघालं. दवाखान्यातून आला तो थेट गच्चीवर निघाला, कठड्याला धरून, एकेक पायरी चढत. झुल्मा मागून. तिने सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण जिना संपेपर्यंत ती 'पाय जपून टाक' एवढंच म्हणत राहिली.

विल्मार गच्चीवर उभा राहिला. कोपऱ्यात त्याच्या दोन कुंड्या. बाकी रांगेत चार बादल्या, प्रत्येकीवर दुधाळ गाईचं चित्र, आणि आत पांढरे दाणे.

"ओतिलिया मावशी कुठाय?"

झुल्माने बादलीकडे बोट दाखवलं.

"ही ओतिलिया?"

"तीच आहे. तिचीच फांदी. फक्त घर बदललंय."

"आणि क्लोतिल्दे? आणि... चौघी?"

"चौघींचं घर बदललंय."

"झुल्मे, तू माझ्या मावश्यांना चुरमुऱ्यात बसवलंस!"

"पर्लाईट आहे ते!"

"मातीत वाढतं ते झाड! चुरमुऱ्यात वाढतं त्याला भेळ म्हणतात! उद्या फ्रिजमध्ये कोंबड्या पाळशील!"

तिने रोज सांगितलेलं 'मजेत' त्याला जास्त लागलं असावं. दोन दिवस तो बोलला नाही. जेवायला मात्र वेळेवर खाली यायचा, मुकाट्याने ताट पुढे करायचा आणि दुसऱ्यांदाही मुकाट्याने पुढे करायचा. तिसऱ्या दिवशी ताट पुढे करता करता गुरगुरला, "क्लोतिल्दे वाकडीच वाढतेय."

"मग? तीच आहे म्हटलं ना."

बोलणं सुरू झालं, पण मन काही वळलं नाही. तो रोज वर जाऊन आपल्या दोन कुंड्यांचं कौतुक करायचा आणि बादल्यांकडे पाठ करून मातेचा पेला चोखायचा. मात्र एकदा झुल्माने बघितलं, तो पाठ करूनच एका हाताने मागे चाचपत होता, बादलीतले दाणे बोटांत घेऊन चुरत होता.

जानेवारी संपता संपता एका दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना दक्षिणेकडून वादळ आलं. झुल्मा खिडक्यांच्या आदळण्याने जागी झाली. पहिलाच विचार बादल्यांचा. पर्लाईट हलकं, आणि झाडं आता कमरेला लागणारी. वारा त्यांना पानांसारखं उडवून नेईल. विल्मारच्या जड कुंड्यांना काही होणार नव्हतं. ती अनवाणीच जिना चढली, दार ढकललं आणि जागच्या जागी थबकली.

पावसाच्या झोतात, गच्चीच्या मधोमध, विल्मार फतकल मारून बसला होता. अंगात फक्त चड्डी. एका काखेत ओतिलिया, दुसऱ्या काखेत क्लोतिल्दे, आणि उरलेल्या दोघींना त्याने दोन्ही पायांच्या कैचीत धरलं होतं. केस कपाळावर चिकटलेले, डोळे मिटलेले, तोंडातून वाऱ्याला शिव्या.

"विल्मार! हे काय करतोयस?"

"माझ्या कुंड्या बघायला आलो होतो!"

"तुझ्या कुंड्या तिकडे आहेत!"

"माहीत आहे मला कुठे आहेत ते! दोरी आण!"

झुल्माला हसू आवरेना. कपड्यांची दोरी सोडता सोडता ती हसत होती, गाठ मारता मारता हसत होती. विल्मार आधी तिच्यावर खेकसला, मग तोही हसायला लागला. इतका, की क्लोतिल्दे त्याच्या काखेतून निसटता निसटता राहिली. बहीण-भावाने मिळून चौघींना कठड्याला बांधलं आणि पाऊस थांबेपर्यंत भिजत तिथेच बसून राहिले. समोरच्या खिडकीतून नीबियाने ओरडून विचारलं, "डॉक्टरांना बोलावू का?"

दुसऱ्या दिवशी विल्मारने विटा आणल्या आणि चारी बादल्यांना भक्कम चौकटी रचल्या. तेव्हापासून कुंड्या आणि बादल्या असा भेद त्याच्या बोलण्यात राहिला नाही. सगळ्या मावश्याच.

फेब्रुवारीत झाडांनी फुलं धरली. वास असा की जिन्यावरून उतरून थेट दुकानात यायचा आणि पिठाच्या वासात मिसळायचा. रांगेतली माणसं नाकं वर करायची. "झुल्मा, आज सारण कसलं?"

"पालकाचं."

"पालक असा वास सोडतो?"

"ताजा आहे."

दार्दो आता रांगेत शेवटी उभा राहायला लागला होता, म्हणजे मागे कोणी घाई करणारं नसायचं. झाडं कशी आहेत हे तो विचारायचा, ती सांगायची, आणि ते सांगणं चांगलं लांबायचं. एका रविवारी विल्मारने वरून हाक मारली, "अरे दार्दो, तिथे उभ्या उभ्या वाळशील! वर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ!" दार्दो वर आला. चार बादल्यांपुढे गुडघ्यावर बसला, फुलांचे घोस हलक्या हाताने वळवून बघितले आणि म्हणाला, "बाई, माझ्या टोमॅटोला एवढं कोणी जपलं नाही हो." झुल्माने त्याला जेवायला थांबवलं. तो चार वाजता निघाला.

मार्चच्या अखेरीस कापणी झाली. फांद्या माडीवरच्या काळोख्या खोलीत उलट्या टांगून वाळवल्या, आणि एका संध्याकाळी पत्त्यांचे दोस्त लांब टेबलाभोवती पानं खुडायला बसले. त्यांच्या जाड बोटांना ते काम नेटकं जमेना. झुल्मा मात्र रव्योलीच्या कडा चिमटीत दाबाव्यात तशी भराभर खुडत होती, तोंडाने सारखं बोलत, आणि मध्येच उठून कोणाच्या ना कोणाच्या ताटलीत काहीतरी वाढत. बादलीतल्या चौघींची फुलं कुंडीतल्या दोघींपेक्षा घट्ट आणि टपोरी निघाली होती. ते सगळ्यांना दिसत होतं, पण विल्मारकडे बघून कोणी बोलत नव्हतं.

शेवटी विल्मारच म्हणाला, "बोला की लेको! जीभ भाजलीय का? माझ्या बहिणीने वाढवलंय ते!" त्याने ते इतक्या मोठ्याने म्हटलं की नीबियाच्या खिडकीतला दिवा लागला. कोणीतरी पेला उंचावला, मग सगळ्यांनीच. झुल्मा एप्रनच्या टोकाने डोळे पुसत होती, आणि तिच्या शेजारी बसलेला दार्दो पानं खुडायची सोडून तिच्याकडे बघत होता.

हिवाळा लागायच्या आधी आणखी एक गोष्ट घडली, आणि गावात चर्चा झाली ती तिचीच. ईस्टरच्या पवित्र आठवड्यात नदीकाठी दरवर्षीप्रमाणे बिअरचा उत्सव भरला होता. मांडव, बँड, माणसांचा पूर. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करताना दार्दो आला, नवा शर्ट घालून.

"झुल्माबाई, उद्या दुपारी नदीवर बँड आहे."

"उद्या रविवार. मला दुकान आहे."

"माहीत आहे." तो दारातच घुटमळला. "तरी विचारतोय. येतेस?"

त्या 'येतेस'ने झुल्माच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिने ते उचललं नाही.

"किती वेळ नाचायचं?" तिने विचारलं.

"मनसोक्त," दार्दो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही जाळी उघडली नाही. असं गावात कोणाला आठवतच नव्हतं. माणसं मातेचे पेले घेऊन रांगेत येऊन उभी राहिली, एकमेकांची तोंडं बघायला लागली, दारावर टकटक करायला लागली. नीबिया रस्ता ओलांडून आली, "अहो, बरी आहे ना ती?"

विल्मार माडीच्या खिडकीत आला. बनियनवर, हातात पेला.

"नाहीये घरी!"

"म्हणजे? कुठे गेली?"

"नदीवर! नाचायला!"

"आणि आमची रव्योली?"

"भात शिजवा!" विल्मार ओरडला आणि खिडकी लावून घेतली. मग त्यालाही घरात बसवेना. त्याने चांगली विजार चढवली, टोपी डोक्यावर टेकवली आणि दुखऱ्या पायाला सांभाळत तोही बँडच्या आवाजाच्या दिशेने उताराला लागला. रांगेतली निम्मी माणसं त्याच्या मागे निघाली.